गारठलेल्या हॉलमधली उजवी बाजू

मावशी, हॉल अजून तेवढाच गार आहे. तुम्ही गेल्यावर तिथे काहीतरी बदललेलं असेल असं वाटणं वेडेपणाचंच. पण शुक्रवारी दार उघडून आत गेले, मानेवर तोच झोत आला आणि मला खरंच राग आला. बाहेर डिसेंबरचं छान ऊन होतं. रुवीच्या रस्त्यावर माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात चहा पीत उभी होती. आणि आत आपली मराठी मंडळी, स्वेटर घालून, हात काखेत दाबून.

मस्कतमध्ये थंडी वाजते ती फक्त चर्चमध्ये, असं मी ऑफिसात एकदा म्हटलं तर सगळे हसले होते. त्यांना समजावून सांगायचा मी प्रयत्न केला नाही. तुम्ही केला असतात. तुम्ही त्यांना सांगितलं असतं की एकाच आवारात सगळ्या भाषांच्या मंडळ्या आहेत, इथे आमचा रविवार शुक्रवारी येतो, आणि सकाळपासून तो मोठा हॉल भरतो नि रिकामा होतो. आपल्या आधी मल्याळी, आपल्यानंतर तमिळ. दोन्हीकडे शेकड्यांनी माणसं. मधल्या दुपारच्या वेळेत आपण, जेमतेम चाळीस. एसी लावलेला असतो त्यांच्या गर्दीसाठी, आणि खिडक्या उघडतच नाहीत.

वॉचमन थॉमसभाईंशी तुमचं दर हिवाळ्यात होणारं बोलणं मला पाठ आहे.

"माताजी, अभी बंद करेगा तो तमिल सर्विस में पूरा गरम हो जाएगा. फिर गाली मेरे को."

"और हमारा क्या? हम क्या फ्रिज में रखने का भाजी है?"

"आप लोग थोड़ा है ना, अ‍ॅडजस्ट करो."

मग घरी जाताना गाडीत बसल्या बसल्या तुम्ही आम्हाला ते सगळं अभिनयासकट सांगायचात. "थोडे आहोत म्हणून गोठायचं. न्याय बघा त्याचा." पण पुढच्या शुक्रवारी त्याच थॉमसभाईंसाठी तुमच्या थर्मासमधून पहिला कप जायचा. मी मागच्या सीटवरून बघायचे. मला माणसांवर असं एकाच वेळी चिडता आणि माया करता येत नाही. मी एका वेळी एकच करते, आणि तेही मनात.

आपल्या लोकांची गंमत तुम्हीच मला दाखवलीत. हॉलमध्ये सगळ्यात जोराचा वारा मागच्या रांगांवर येतो, आणि आपली मंडळी दर शुक्रवारी नेमकी तिथेच जाऊन बसायची. पुढे पाळकांनी बसायचं, पंचांनी बसायचं, पाहुण्यांनी बसायचं. न बोलावता पुढे जाऊन बसणारा माणूस म्हणजे स्वतःला कोण समजतो, असं गावाकडे वर्षानुवर्षं बोलतात, आणि ती भीती सगळ्यांनी पासपोर्टाबरोबर इथे आणली आहे. म्हणून चाळीस माणसं सभ्यपणे कुडकुडत बसायची. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे रांगेतून फिरायचा तेव्हा हात इतके थरथरायचे की पेले किणकिणायचे.

उजवीकडची भिंत तुम्ही शोधून काढलीत. एकदा लवकर आला होतात, टेकायला म्हणून हात लावलात आणि मला हाक मारलीत. "रिबी, इकडं ये. हात लाव." भिंत पश्चिमेची. दुपारभर बाहेरून ऊन खाल्लेली. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणाइतकी ती उबदार होती. तिच्या कडेला, पुढच्या तीन रांगांवर, वाराही येत नव्हता. तुम्हाला इतका आनंद झाला होता की मला वाटलं तुम्ही आता टाळ्या वाजवाल.

मग मंडळी आली आणि तुम्ही दारात उभ्या राहिलात.

"सलाम साळवेदादा. आज तिकडं उजवीकडं पुढं बसा. ऊब आहे."

"सलाम, सलाम. असू द्या बाई. आम्ही बरे आहोत मागं."

"बरे कसले? नाक गळतंय तुमचं."

सगळे हसले. साळवेकाकाही हसले, रुमाल काढून नाक पुसलं आणि मागे जाऊन बसले. तुम्ही पुढे एकट्या बसलात. त्यानंतर किती शुक्रवार तुम्ही तशा एकट्या बसलात, शाल न पांघरता, घडी करून मांडीवर ठेवून, सगळ्यांना दिसेल अशी! मी दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत असायचे, कारण तिथून कोणाशी न बोलता निघता येतं. तुम्ही मला कधी ओढून पुढे नेलं नाहीत. प्रवचन लांबलं की मान वळवून फक्त भुवया उडवायचात. चर्चमधल्या बाकीच्या मोठ्या माणसांनी मला मराठी वाचता येतं का, लग्नाचं काय, स्वयंपाक जमतो का हे सगळं विचारून झालं होतं. तुम्ही विचारायचात, "आज काय खाल्लंस?" आणि उत्तराची वाट बघायचात.

त्या वर्षाबद्दल आता लिहिते, ज्या वर्षी आपलं भांडण झालं.

आईला कॅन्सर निघाला तो उन्हाळ्यात. उपचार इथेच सुरू झाले. बाबा निझव्याला साइटवर, गुरुवारी रात्री घरी येणार, शनिवारी परत. घरात ठरलं की कोणाला सांगायचं नाही. बाबा म्हणाले, "आजार आपला आहे. लोकांना चर्चेला विषय कशाला?" मला तर ते बरंच वाटलं. कोणी विचारलं की मी सांगायचे, आईचे गुडघे दुखतात. तुम्हाला कळलं ते तुम्ही त्याच हॉस्पिटलात नर्स होतात म्हणून. लिफ्टपाशी तुम्ही समोर आलात आणि आईने तोंड फिरवलं. तुम्ही काही विचारलं नाहीत. तिच्या हातातली जाड फाईल घेतलीत आणि आमच्याबरोबर चालायला लागलात. त्यानंतर आईच्या प्रत्येक केमोच्या दिवशी तुम्ही ड्यूटीच्या आधी नाहीतर नंतर येऊन जायचात. हे मी तेव्हाही विसरले नव्हते. रागावलेली असतानाही नाही.

नाताळ जवळ आला तशी आई म्हणायला लागली की मला प्रभुभोजन घ्यायचं आहे. मंडळीबरोबर. जूनपासून ती चर्चला आली नव्हती. पाळक घरी येऊन देतील असं मी म्हटलं. फोनवर उपासना लावून देते म्हटलं.

"फोनवर मी खूप पाहिली," आई म्हणाली. "मला माणसांत बसायचंय."

तुम्ही तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात उभ्या होतात, तिच्यासाठी पेज करत.

"मावशी, तुम्ही सांगा ना तिला," मी म्हटलं. "त्या हॉलमध्ये निरोगी माणूस आजारी पडतो. शी कान्ट सिट देअर."

"रक्ताचे काउंट बरे आहेत तिचे. डॉक्टरांना विचारलंय मी. मास्क लावायचा, आणि डोक्यावर वारा येऊ द्यायचा नाही."

"वारा न येणारी जागा कुठे आहे? तुमच्या भिंतीजवळ ती एकटी बसणार? तिला एकटं बसायला तर घरही आहे."

तुम्ही पेज ढवळत राहिलात. "करू काहीतरी," म्हणालात. एवढंच.

प्रभुभोजनाच्या त्या शुक्रवारी आम्ही मुद्दाम उशिरा पोचलो, गाणं सुरू झाल्यावर, म्हणजे दारात कोणी भेटायला नको. मी दार ढकललं आणि मागच्या रांगा रिकाम्या होत्या. एक क्षण मला वाटलं वेळ चुकली. मग पाहिलं. सगळी मंडळी उजवीकडे पुढच्या तीन रांगांत होती, दाटीवाटीने, पोरं मांडीवर घेऊन. मधोमध भिंतीला लागून एक खुर्ची मोकळी होती, तिच्यावर घडी केलेलं ब्लँकेट. वाटेच्या बाजूला गॅरेजवाले पवारकाका बसले होते, आपल्यातले सगळ्यात रुंद, वारा आडवा येईल तर त्यांच्या पाठीवर. आणि साळवेकाका, जे इतकी वर्षं हलले नव्हते, ते पहिल्या रांगेत अवघडून बसले होते, जणू कोणीतरी त्यांना व्यासपीठावर बसवलं आहे.

साळवेकाकू सरकल्या. "या सुनीताताई. जागा धरलीय तुमची."

आईच्या डोक्यावरच्या स्कार्फकडे कोणीही बघितलं नाही. कोणीही गुडघ्यांबद्दल विचारलं नाही. त्यावरून मला कळलं की सगळ्यांना कळलं आहे.

मला त्या उपासनेतलं काही आठवत नाही. माझे कान गरम झाले होते. एवढंच आठवतं की आई गात होती, मास्कच्या आतून, आणि आवाज बारीक असला तरी सूर बरोबर होता.

पार्किंगमध्ये मी तुम्हाला गाठलं. मी कोणाला असं गाठत नाही, तुम्हाला माहीत आहे.

"तुम्ही सगळ्यांना सांगितलंत."

"सांगितलं. एकेकाला फोन केला."

"मावशी, इट्स प्रायव्हेट. ते आईचं होतं. तुमचं नव्हतं."

"अगं, न सांगता यांना पुढं कसं आणलं असतं? इतकी वर्षं सांगतेय, ऊब आहे, ऊब आहे. स्वतःसाठी कोणी हललं? सुनीताला वारा लागायला नको म्हटलं, तर साळवे अर्धा तास आधी येऊन बसला."

"मग आधी आम्हाला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणूनच विचारायचं होतंत!"

तुम्ही गाडीचं दार उघडून धरलंत. "गाडीत बस," म्हणालात, "आई दमली असेल."

ते भांडण मिटलं नाही, पण ते आपण नीट सांभाळलं. तुम्ही येत राहिलात, पायाचं सूप आणत राहिलात, मी दार उघडत राहिले. मध्येच कधी तुम्ही म्हणायचात, "विचारायला हवं होतं म्हणतेस?" मी म्हणायचे, "हो." तुम्ही म्हणायचात, "पण बसली ना?" मी म्हणायचे, "तो मुद्दाच नाही." आई दोघींना हसायची आणि कोणाचीच बाजू घ्यायची नाही. बाबांनी पहिले दोन आठवडे तुमच्याशी बोलणं टाकलं होतं. तिसऱ्या आठवड्यात साळवेकाका आईला हॉस्पिटलमधून घरी घेऊन आले, कारण मला ऑफिसातून निघता येत नव्हतं. बाबांनी निझव्याहून फोन केला तेव्हा मागे काकांचा आवाज आला. बाबांनी विचारलं, "कोण आहे?" आई म्हणाली, "आपलंच माणूस आहे." त्यानंतर बाबा त्या विषयावर बोलले नाहीत.

तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट आहे. केमो संपल्यानंतरच्या एका तपासणीच्या वेळी, बाहेर बसायच्या जागेत एक ओमानी बाई होती, आईच्याच वयाची, सोबत मुलगी. दोघी घाबरलेल्या. आईने आपणहून स्कार्फ जरा मागे सरकवला, नवीन उगवलेले केस दाखवले, आणि आपल्या त्या अर्ध्या अरबी अर्ध्या हिंदीत म्हणाली, "शूफ, देखो, वापस आता है. बीमारी खलास होता है, इन्शाल्ला." त्या बाईने आईच्या डोक्यावर हात ठेवला. गुडघे दुखतात म्हणणारी माझी आई. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पुढचे सहा महिने "बघ!" म्हणत फिरला असतात, म्हणून सांगितलं नाही. आता सांगते. बघा.

आई बरी झाली. उजवीकडच्या तीन रांगा मात्र तशाच राहिल्या. आता त्याच जागा ठरल्या आहेत, कोणी पाहुणा पवारकाकांच्या खुर्चीवर बसला तर पवारकाका शेजारी उभे राहून त्याच्याकडे बघतात. आपली माणसं एकदा पुढे आली की त्यांना मागे नेणंही तितकंच अवघड, हे तुम्ही म्हणाला होतात ते खरं आहे.

गेल्या महिन्यात तुम्ही आणि दाविदकाका जोडीने रजेवर निघालात तेव्हा मी तुम्हाला विमानतळावर सोडलं. बॅगा उतरवताना तुम्ही विचारलंत, "अजून रागावलीयस का गं?"

"थोडी."

"बरं. राहू दे. आल्यावर भांडू."

तुम्ही नगरला गेलात आणि दहा-बारा दिवसांत बातमी आली. झोपेत, म्हणाले. तुमची माती गावीच झाली, तुमच्या आई-वडिलांच्या शेजारी. आम्ही इथून फोनवर पाहिली. आई मध्येच उठून गेली, म्हणाली मला फोनवर बघवत नाही.

काका एकटे परत आले. इथल्या हमरियातल्या तुमच्या खोलीत दिवा लागला हे आम्हाला खालच्या दुकानदाराने सांगितलं. मी त्यांना फोन केला. मेसेज नाही, फोन.

"काका, शुक्रवारी उपासनेला याल?"

"येईन."

"सगळ्यांना सांगून ठेवू का? तुमच्याजवळ बसायला?"

"नको गं पोरी. कोणी काही बोलायला नको. मी मागं बसेन, दाराजवळ."

मी "बरं" म्हटलं. विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं. माझ्या मते माणसाशी असंच वागायचं असतं. मी कोणाला काही सांगितलं नाही, फक्त आईला, आणि तिलाही म्हटलं, कोणी काही बोलायचं नाही असं ठरलंय.

काका आले ते पहिलं गाणं सुरू झाल्यावर. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, स्वेटर नाही. स्वेटर कुठे ठेवलाय हे त्यांना माहीत नसेल. ते तुम्हालाच माहीत असायचं. शेवटून दुसऱ्या रांगेत, झोताच्या बरोबर खाली बसले. आई आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. पुढच्यांनी एकदा वळून पाहिलं. काकांनी मान खाली घातली. पुढचे पुन्हा वळून बसले. सगळ्यांना समजलं की त्यांना एकटं राहायचं आहे, आणि सगळ्यांनी मान ठेवला.

दुसरं गाणं सुरू झालं. काकांच्या हातात गीतांचं पुस्तक मिटलेलंच होतं आणि ते हलत होतं. थंडीने की आणखी कशाने, मला कळत नव्हतं. मी माझी ओढणी त्यांना द्यावी की नाही यावर विचार करत बसले. मावशी, त्या वेळी मला वाटलं की आपलं भांडण तुम्ही जिंकलात. मी नीट विचारलं होतं, दिलेला शब्द नीट पाळला होता, आणि माझ्याशेजारी एक माणूस रिकाम्या रांगेत कुडकुडत होता.

आई उठली. मला वाटलं तिला बाहेर जायचं आहे. ती वाटेने सरळ पुढे गेली. साळवेकाकूंच्या पायाशी त्यांची पर्स होती, ती उचलली, शेजारी ठेवलेला साळवेकाकांचा हेल्मेटएवढा टिफिन उचलला, आणि दोन्ही घेऊन मागे चालायला लागली. एक शब्द बोलली नाही. साळवेकाकू गाणं म्हणत म्हणत पर्सच्या मागून आल्या. साळवेकाका टिफिनच्या मागून. मग पवारकाका उठले. मग पोरं, मग पोरांना धरायला त्यांच्या आया. तिसऱ्या कडव्यापर्यंत अख्खी मंडळी गात गात, पिशव्या सांभाळत मागे आली आणि काकांच्या पुढे, मागे, बाजूला, त्या झोताखाली बसली. पवारकाका काकांच्या मागच्या खुर्चीवर बसले, तेव्हा वारा खरंच कमी झाला. पाळक मंचावर उभे होते, समोर नुसत्या खुर्च्या. त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं, खाली उतरले आणि वाटेत उभे राहून प्रवचन केलं. मध्येच त्यांना शिंक आली.

काकांना कोणी काही बोललं नाही. शेवटपर्यंत नाही.

घरी येताना मी आईला म्हटलं, "ते नको म्हणाले होते."

"कोणी काही बोलायला नको म्हणाला होता तो," आई म्हणाली. "बोललं का कोणी?"

मावशी, विचारायला हवं होतं, हे मी अजूनही म्हणते. तुम्ही मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, आणि माझी आई त्या खुर्चीवर बसली नसती, हेही मला माहीत आहे. या दोन्ही गोष्टी मला आता बरोबर ठेवता येतात. तुमचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण आभार मानले तर भांडण संपलं असं होईल, आणि ते असलं की तुम्ही येत राहाल असं काहीतरी मला वाटत होतं. तर मानते. आईच्या त्या नाताळासाठी. फाईल हातातून घेतल्याबद्दल. मला शेवटच्या खुर्चीत बसू दिल्याबद्दल. आज काय खाल्लंस, यासाठी. हे सगळं मराठीत लिहिलंय. आईने दोनदा वाचून चुका काढल्या आहेत, आणि दोन्ही वेळा वाचता वाचता चष्मा पुसला आहे.

शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं. उपासना संपल्यावर काका फाटकापाशी माझ्यासाठी थांबले होते. उन्हात उभे होते, हात चोळत. मागून साळवेकाकांचा शिंकण्याचा आवाज आला, मग काकूंचा. काकांनी वळून त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि ते मला हळूच म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी मी उजवीकडं पुढं बसतो. नाहीतर या सगळ्यांना सर्दी होईल."